तक्रार वही

नवतप्यात नागपूर म्हणजे नुसती घरघर.
गच्चीगच्चीवर कूलर, खिडकीखिडकीत कूलर,
आणि रविवारी सदरच्या चर्चमध्ये पाळक म्हणतात,
ऐका, प्रभूचं पाचारण फार हळू असतं.

हळू? मी मागच्या बाकावर,
नखांत ग्रीस, मान डुलतेय.
माझ्या वहीत पाचारण नाही, बोलावणी आहेत.
धंतोली, पंप बंद. महाल, टाकी गळते.
अजनी, घाटोळे, आवाज येतो.

आवाज मी स्क्रूड्रायव्हरनं ऐकतो.
टोक बेअरिंगपाशी, मूठ कानामागच्या हाडाला,
श्वास धरून.
बाबांनी शिकवलेलं: आधी आपली मोटर बंद कर, बाप्पा.

घाटोळ्यांचा कूलर ठणठणीत.
मंगळवारी ठणठणीत, गुरुवारीही.
शनिवारी पुन्हा फोन. चिडूनच गेलो,
टोक लावलं, मूठ हाडाला.
काही नाही. फिरणारं पातं, ओल्या वाळ्याचा वास,
आणि आत, स्वयंपाकघरात,
दोन कपबशा मांडल्याचा आवाज.

"बसता का जी पाच मिनिटं?"

अजून चार तक्रारी बाकी होत्या,
एका घरी तर तान्हं बाळ.
तरी बसलो. चहा फार गोड.
ते बायकोबद्दल बोलले,
कोणत्या भाजीत ती गूळ घालायची,
रात्रपाळीहून आले की दार वाजायच्या आधीच
तिला पावलं कशी कळायची.
मी मान हलवली नाही. फक्त ऐकलं.

बाळाच्या घरी उशिरा पोचलो, बोलणी खाल्ली.

वहीत पुढच्या शनिवारी लिहिलंय: अजनी.
काय बिघडलं, ते लिहिलेलं नाही.
कोणी बोलावलं,
तो रकाना मी रिकामाच ठेवलाय.