उशिराचं हसू

ओल्डहॅमला रविवारी चार वाजता
पुन्हा ती मालिका लागते.
स्टेशनातलं हरवलेल्या वस्तूंचं ऑफिस,
छत्री परत द्यायचं जिवावर येणारा कारकून पिकर्सगिल,
आणि हिरव्या कोटातली बाई,
पन्नास वर्षं झाली, डावा हातमोजा शोधते आहे.

सेट पुठ्ठ्याचा. दार आपटलं की भिंत हलते.
शेजारचा डेरेक म्हणतो, त्यासाठीच तर बघायचं,
हल्लीच्या भिंती हलतच नाहीत.
नात रेवा लीड्सच्या होस्टेलवर मैत्रिणींसोबत बघते,
तिच्या आईच्या जन्माआधीची मालिका.
काय आवडतं गं त्यात?
म्हणाली, आजोबा, त्यात कुणालाच घाई नाही,
आणि भांडण झालं तरी शेवटी सगळे चहा पितात.
पटलं मला.

माझं कारण जरा वेगळं आहे.

पंचाहत्तर साली गिरणीत फुकट तिकिटं वाटली,
मँचेस्टरला चित्रीकरणाला प्रेक्षक हवे होते.
रात्रपाळी बुडवून सुगंधाला घेऊन गेलो.
इचलकरंजीहून येऊन तिला सात महिने झालेले.
इंग्रजी म्हणजे दूध, ब्रेड, थँक्यू
आणि घरी येणाऱ्या बसचा नंबर.
नवी साडी, वरून माझा जुना ओव्हरकोट.
रांगेतली बाई वळून वळून बघत होती.

विनोद झाला की तीनशे माणसं हसायची,
मग मी तिच्या कानात मराठी करायचो,
मग ती हसायची.
माग बंद पडल्यावरही
धोटा एकदा पलीकडे जाऊन यावा, तशी.
माइकवाल्या पोऱ्यानं भुवया चढवल्या.
तिनं पदर तोंडावर धरला.
त्यातूनही आलंच.

आता अकरावा भाग.
हल्ली त्याच्याआधी पडद्यावर पाटी येते,
त्या काळचे विचार वगैरे.
पिकर्सगिलला कपाटात एक पगडी सापडते,
ती घालून तो मान हलवत
आपल्यासारखं बोलून दाखवतो.
तीनशे माणसं. टाळ्यासुद्धा.
सुगंधानं बाही ओढली, काय म्हणाला?
पुढच्या रांगेत एका साहेबाचा केसांचा टोप
मागून उचलला गेला होता.
मी म्हटलं, तो म्हणतोय, त्या साहेबांचा टोप
आजच्या आज इथं जमा होणार.
ती हसली.
त्या रात्रीचं सगळ्यात मोठं हसली.

ते अजून आहे, चौदाव्या मिनिटाला.
सगळे गप्प होतात, पिकर्सगिल तोंड उघडतो,
आणि मधल्या फटीत ती.
नट अडखळतो, नीट बघा.
आता कशाला हसलं कुणी,
त्याला कळलेलं नाही.

पुढे ती शाळेच्या किचनमध्ये लागली,
माझ्याहून फर्डं बोलायला लागली.
एकोणनव्वद साली तो भाग पुन्हा लागला,
आम्ही मटार सोलत होतो.
तिनं ऐकलं. हात थांबले.
टीव्हीतून तिचंच हसू आलं.
मी शेंगांकडे बघत राहिलो.
बऱ्याच वेळानं म्हणाली,
"तुमचाच बरा होता."

मार्चमध्ये सहा वर्षं होतील तिला जाऊन.

परवा रेवाचा फोन, स्पीकरवर,
मागे पोरींचा गलका.
आजोबा, ही कोण बाई सगळ्यांच्या नंतर हसते?
आम्ही आता विनोदाला नाही, तिच्यासाठी थांबतो.
असेल कुणीतरी, म्हणणार होतो.
सांगितलं मग. सगळं. टोपासकट.
माझी मराठी ती पोरींना इंग्रजीत सांगत होती,
मध्ये मध्ये तिचा आवाज बसत होता.
मी फोन कानाशी धरून होतो.
तिकडे शांत.

मग, जरा उशिरा,
हसल्या.