बोअर

डाव्या गळ्यावर माझ्या दाढी उगवत नाही,
अकरा वर्षं झाली.
उद्यमनगरातला संकपाळ आता विचारत नाही,
त्याचा वस्तरा तिथवर येतो
आणि टूल स्टॉपला लागावं तसा थांबतो.

तेहतीस वेळा झोपलो त्या मशीनखाली,
तोंडावर जाळीचा मुखवटा, टेबलाला आवळलेला,
चकात जॉब धरतात तसा.
हलायचं नाही, एवढंच काम.
गाठ गेली, मुखवटा घरी आला.
शालन त्याखाली गच्चीवर सांडगे वाळवते.
चिमण्या माझ्या नाकावर बसतात,
चोच आत जात नाही म्हणून उडून जातात.

मागच्या मंगळवारी बुश काढताना
डाव्या डोळ्यात शटर खाली आलं,
पार जमिनीपर्यंत.
पोराला म्हणालो, ते दे रे. ते…
चाळीस वर्षं खिशात वागवलेल्या वस्तूचं नाव
जिभेवर येईना.
उजवा हात दुसऱ्याचाच.
दोन मिनिटं.
मग शटर वर, आणि मी केवढ्यानं ओरडलो:
व्हर्निअर!
पोरगं हसलं. मीही हसलो.

राजारामपुरीत डॉपलरवाली मुलगी,
बोलण्यावरून गडहिंग्लजकडची,
गार जेल लावून म्हणाली, काका, गिळू नका.
यंत्रातून माझंच रक्त ऐकू आलं.
उजवीकडं पाटाचं पाणी.
डावीकडं शीळ.
पाइप आतून चोंदला की मोटर अशीच ओरडते,
हे मला कुणी शिकवायला नको.

"किरणांमुळं," डॉक्टर म्हणाले,
"गाठ जळली, शेजारची धमनीही शेकली.
कळतं ते असं, दहा-दहा वर्षांनी."
ओशाळले बिचारे, जणू त्यांनीच शेकली.
मी विचारलं, बोअर किती राहिलाय?
सहाचा होता. दीड.
दीडचा ड्रिल मी पोरांच्या हातात देत नाही,
मोडतात.

चिडायचं तर कुणावर?
तंबाखूची डबी माझीच होती.
आता तिच्यात वॉशर असतात.

गुरुवारी स्टेंट. नळीत नळी, जाळीची.
पुन्हा जाळीच.

रात्री शालन गळ्याशी कान आणते,
टेकवत नाही, भिते.
काय ऐकतीस गं?
"गप बसा. मोजतोय मी."
कुठवर आलीस?
"बोलला न्हवं तुम्ही. चुकलं.
आता परत पहिल्यापासनं."