कोपरांची वही

डंडीत नोव्हेंबरचा उजेड
दुपारी साडेतीनलाच गाशा गुंडाळतो.
त्याआधी पंधरा मिनिटं
मी नदीकाठी बाह्या सारून उभी राहते.
दात वाजतात.
कुत्री फिरवणारी माणसं
सभ्यपणे दुसरीकडे बघतात.

रात्री वहीत लिहायचं :
सोमवार. वांगं खाल्लं. काही नाही.
मंगळवार. वांगं नाही. डावं कोपर पेटलं.
बुधवार. वांगं निर्दोष.

नलूमावशी फोनवर विचारते,
दूध आणि मासे एकत्र खाल्लेस का गं कधी?
खाल्ले असतील.
बावीस वर्षं झाली इथे,
काय काय एकत्र झालं असेल पोटात.

इश्बेल नर्स म्हणाली, हे जाणार नाही, पण शांत राहील.
उद्या ढगाळ असेल, तशा सुरात.
वजन थोडं उतरव, वाइन सोड,
मलम अंग ओलं असतानाच लाव,
आणि झोप.
झोप तिनं दोनदा लिहून दिली.
सहामाहीचे पेपर तपासायला आले
की मी ती पुडी हरवते.

शनिवारी डांबराचा शाम्पू.
सांगलीत आमच्या गल्लीत रस्ता झाला
तेव्हा माझी नवी चप्पल चिकटली होती, मी रडले होते.
आता तोच रस्ता डोक्यावर ओतून
दहा मिनिटं टबच्या काठावर बसते.
कुणीच जात नाही त्यावरून.

पोहायला मात्र
दोन वर्षं नुसतीच पिशवी भरत होते.
पहिल्या दिवशी पाण्यात उतरले तेव्हा
शेजारच्या पट्ट्यातली मॉरीन थांबली.
सत्तरीची, टोपीवर रबरी फुलं.
माझ्या पाठीकडे बघून तिनं काहीतरी विचारलं
आणि तिच्या इंग्रजीचं माझ्या कानात
आपोआप मराठी झालं :
लागतं का गं?

लागण होते का, नाही.
लागतं का.

मी हो म्हणाले. पाणी नाकात गेलं.

त्या आठवड्यात वहीत
खाण्याबद्दल काहीच नाही.
नुसतं, सोळा फेऱ्या.
खाली, वीस.
गुरुवारी, आले नाही, हेडमास्तरांशी वाजलं.
शुक्रवारी कोपरांनी ते वाचलं असावं.

संक्रांतीला चर्चच्या हॉलमध्ये
मंडळाच्या सगळ्याजणी काळ्या साड्यांत.
अकरा वर्षं मी राखाडी नेसून गेले,
काळ्यावर मी फार दिसते म्हणून.
यंदा काळी काढली. आईची, जरीकाठाची.
पर्समध्ये कपड्यांचा ब्रश.
वाण देताना मंजिरीनं माझा खांदा झटकला,
सहज, खडूची भुकटी झटकावी तसा,
आणि बोलणं पुढे चालू ठेवलं,
पार्किंगबद्दल.

घरी आल्यावर लिहिलं :
तिळगूळ, दीड वडी.
अर्धी खोडली.
दीडच होती.
परत लिहिली.