लाल ट्रे

एकोणतीस वर्षं मी अंगठ्याने काम केलं.
पितळी काडतूस गेजमध्ये घालायचं, फिरवायचं,
उजेडाकडे धरून तोंड पाहायचं.
ओरखडा असला की डावीकडे, लाल ट्रेत.
नसला की उजवीकडे.
उजवीकडे गेलेल्याचं पुढे काय होतं
हे विचारायचा पगार नव्हता.

वरणगावात तेव्हा घड्याळं कमी, भोंगा एक.
भोंग्यावर पोरं शाळेत जायची,
भोंग्यावर कुंदा कळण्याची भाकर तव्यावर टाकायची.
बोटांना असा वास की
भरीत खाल्लं तरी जिभेला आधी पितळ लागायचं.
बोनसात फ्रिज आला. पोरीचं लग्न निघालं.
खोटं बोलणार नाही, हे घर त्याच्यावरच उभं आहे,
पायरीची फरशीसुद्धा.

निवृत्तीला शाल दिली.
साहेब म्हणाले, भारंबे, तुमच्या हातून
एकही खराब गोळी बाहेर गेली नाही.
टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या.

आता रात्री नातीच्या मोबाइलवर
कुठल्याशा देशातली गल्ली दिसते.
नाव तिने सांगितलं, माझ्या तोंडात बसत नाही.
भिंतींना भोकं. एक पोरगं धुळीत बसून
रिकाम्या पुंगळ्या वेचतंय,
मेहरूणची बोरं वेचावीत तशी,
आणि एकेक उचलून उजेडाकडे धरतंय.
अगदी माझ्यासारखं.
थांबव गं, मी म्हटलं. मोठं कर. बुडाशी नंबर असतो.
चित्र मोठं करत गेलं की फाटत जातं.
नंबर दिसला नाही.
"आपली नसेल, आबा."
नसेल.
पण कुणाच्यातरी अंगठ्याने ती उजवीकडे सारली होती
आणि तो माणूस घरी जाऊन जेवला होता.

सकाळी बसस्टँडसमोर खुर्ची टाकून बसलो.
केळीच्या खोक्याचा पुठ्ठा, त्यावर नातीच्या पेनाने:
लढाई थांबवा. कुणाचीही.
कुंदा म्हणाली होती, लोक हसतील. हसले.
रावेरच्या गाडीतून एकाने मान काढली,
"देशाच्या विरोधात हाये का भो?"
मी म्हटलं, पुतण्या बर्फात पहाऱ्यावर आहे माझा.
त्याच्या बाजूने बसलोय.
गाडी निघून गेली होती तोवर.

तिसऱ्या दिवशी जुम्मा तडवी आला, शेजारच्या सेक्शनचा.
काही न बोलता शेजारी बसला, पानाची पुडी सोडली.
त्यानेही पुठ्ठा आणला होता. कोरा.
"लिही ना काही."
"मी लिहिलं तं तुले समज देतीन, मले उचलतीन."

एकाच बाकावर डबा उघडला आम्ही इतकी वर्षं.
त्याची भाजी मला पाठ, माझी त्याला.
हे मात्र तो कधी बोलला नव्हता,
आणि मी विचारलं नव्हतं.
ते काय पगारात बसत नव्हतं?

काय लिहायचं सांग, मी म्हटलं, अक्षर माझं.
तो बराच वेळ पान चघळत राहिला.
मग म्हणाला, "लिही, इथं बसायचा मलेबी हक्क हाये."
लिहिलं. खाली बारीक अक्षरात:
हस्ताक्षर, का. रा. भारंबे. विचारायचं ते मला विचारा.

दुपारी कॉन्स्टेबल आला, वही घेऊन. पोरगाच होता.
परवानगी? नाही.
संघटना? नाही.
जमाव? दोन.
हत्यार?
मी म्हटलं, होतं. रोज आठ तास.
त्याचं पेन थांबलं. माझ्याकडे पाहिलं,
जुम्माकडे जरा जास्त वेळ पाहिलं,
दोन्ही पुठ्ठे वाचले, ओठ हलवत,
आणि रकान्यात लिहिलं: निरंक.

हा शब्द माझ्या ओळखीचा.
लॉटच्या कागदावर दोषांच्या रकान्यात
मीच लिहायचो तो, निळ्या शाईने.

चारचा भोंगा झाला.
आम्ही दोघं सवयीने उठलो.
मग बसलो.