काय करून राहिला बे?

अकरा सेकंद.
माझा एडिटर उघडायला अकरा सेकंद घेतो,
आणि मे महिन्यात, गोपालनगरात, रात्री साडेदहाला
अकरा सेकंद म्हणजे
कूलरच्या टाकीत गडवाभर पाणी ओतून यावं,
वाळ्याच्या ताटीला एक थाप मारावी,
तरी पडदा कोराच.

त्रेसष्ट पॅकेजं आहेत त्यात.
बारा वर्षांत एकेक आणून ठेवलेली,
बर्डीवर पंख्याचं रेग्युलेटर आणायला जावं
आणि येताना चार वस्तू जास्तीच्या घेऊन यावं, तशी.
कंसांच्या जोड्या रंगवणारं एक,
जोडाक्षरं सांभाळून मोडणारं एक,
चंद्राच्या तिथी दाखवणारं एक.
ते का, आता आठवत नाही.

संशय पहिल्यापासून शुद्धलेखनवाल्यावर.
दिसायलाच जड, अख्खा शब्दकोश पाठीवर घेऊन येतं.
बंद करून पाहिलं: अकराचे दहा पूर्णांक नऊ.
माफी न मागता परत चालू केलं.

मग लावला प्रोफाइलर.
त्याचं काम एवढंच:
सेकंदाला हजारदा दार वाजवायचं, विचारायचं,
काय करून राहिला बे?
आणि उत्तर लिहून घ्यायचं.
आमच्या चौकात पानठेल्यावरचा डोमाजी
हेच काम बिनपगारी करतो,
फक्त लिहून घेत नाही.

खुशाल परातेचे वडील गोळीबार चौकाजवळ माग चालवायचे.
खुशाल सांगे, बाबा जेवायला बसले की
मागावर मोठा भाऊ बसायचा,
आणि बाबा पाठमोरेच, हातातला घास थांबवून म्हणायचे,
उजव्या काठाशी धागा सैल आहे, बघ.
धोट्याची एक खट् उशिरा पडली असेल, नसेल.
आम्ही परसोडीला एका ऑफिसात होतो तेव्हा.
तो माझ्या खुर्चीमागे चहा पीत उभा राहायचा
आणि नुसतं माझं टाइपिंग ऐकून म्हणायचा, चुकला.

अहवाल आला. झाडासारखा उलगडत गेला,
फांदीफांदीवर टक्के.
शुद्धलेखन: एक. जोडाक्षरं: चार. तिथी: शून्य.
आणि एका ओळीवर अठ्ठ्याऐंशी.
ती फांदी उघडली, तिच्यात फांदी, तिच्यात
माझंच नाव.
मीच लिहिलेलं फंक्शन, नऊ ओळींचं,
शेवटी सात कंस एकामागे एक,
रॉकेलच्या रांगेत ठेवलेल्या डब्यांसारखे.

काय करायचं ते?
एडिटर उघडला की परसोडीच्या सर्व्हरवर जायचं,
खुशालच्या टिपणांची फाइल बघून यायचं,
रात्री त्यानं माझ्यासाठी काही लिहून ठेवलंय का.

ऑफिस सहा वर्षांपूर्वी बंद झालं.
सर्व्हर भंगारात, किलोच्या भावानं,
पावतीवर सही माझीच.
खुशाल गेला.
पुण्याला नाही. गेला.
आणि ही नऊ ओळींची पोर
रोज त्या दाराशी नऊ पूर्णांक सात सेकंद उभी राहून
परत येत होती,
मला एका शब्दानं न सांगता.

पुसून टाकायला हात गेला होता.
मग प्रत्येक ओळीच्या आधी दोन अर्धविराम टाकले.
या भाषेत त्याचा अर्थ:
आहे, पण वाचू नको.

आता एक पूर्णांक तीन सेकंद.
सकाळी एडिटर चालू केला आणि सवयीनं
गडवा घेऊन कूलरकडे गेलो.
येऊन पाहतो तर हा कधीचा उघडून बसलेला,
कोऱ्या पानावर कर्सर एकटाच लुकलुकतो,
काय करून राहिला बे,
काय करून राहिला बे.

म्हटलं, पाणी भरून राहिलो.