गालाची जागा

गॅलेटनमधला नोव्हेंबर. दुकानाच्या काचेवर
बोटानं रेघ ओढता येईल इतकी वाफ.
आर्व्हिलाबाई क्रेस्गी आल्या, ब्याऐंशीच्या,
जुन्या रजईत गुंडाळलेली रायफल
डॉक्टरपुढं झोपलेलं पोर ठेवावं तशी ठेवली.
"दुर्बीण बसव. लाकडाचं काय ते बघ.
थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी सीझन उघडतो."
आणि गेल्या. बोलणारं माणूस नव्हे.

मी उद्यमनगरचा. हात बसला कोल्हापुरात, लेथवर,
पोट इथं, पेन्सिल्वेनियाच्या डोंगरात:
पंपाचे शाफ्ट, ट्रॅक्टरच्या पिना, हंगामात बंदुका.
हरीण पाहिलंय ते मोटारीच्या दिव्यात,
मारलेत ते ढेकूण.
पण लोखंड ते लोखंड.

उघडली. स्क्रूच्या खाचा कुणीतरी घाईनं चघळलेल्या.
नळीखालचं अक्रोड साठ वर्षं ऊन न लागलेलं,
घड्याळाखालच्या मनगटासारखं गोरं.
दबलेल्या जागी ओलं फडकं, वर गरम इस्त्री,
चुर्र,
आणि खड्डा हळूच वर येतो.
("ती शर्टांची इस्त्री ना?" वरून बायको.)
मग जवसाचं तेल, तळहातानं, चार दिवस चार हात.
दुकानाला चटणीचा वास.

दस्त्याच्या वरच्या कडेला, उजवीकडं,
एक अंडाकृती डाग. व्हार्निश गेलेलं, लाकूड काळसर,
देवळाच्या उंबऱ्यासारखं गुळगुळीत.
मर्ल क्रेस्गीचा गाल, मी म्हटलं.
शाळेची बस चालवायचा, दोन वर्षांपूर्वी मार्चमध्ये गेला.
सगळं घासलं, तेवढं सोडलं.
भिंत रंगवताना
फोटो न काढता भोवतीनं ब्रश फिरवतात, तसं.

उरली भोकं. चार. इतकी वर्षं अखंड असलेल्या पोलादात.
सेंटर पंच टेकवला आणि चहा करायला गेलो.
लाकूड चूक पोटात घेतं,
पोलाद लिहून ठेवतं.
आटे पाडताना टॅप अर्धा फेरा पुढं, पाव फेरा मागं.
उस्ताद म्हणायचे, मागं यायला लाजतो
त्याचाच टॅप मोडतो.

बाई आल्या. डागावर अंगठा ठेवला.
"हे का सोडलंस?"
मी आवाज खाली आणून म्हटलं, मर्लची आठवण...
त्या बघत राहिल्या. मग हसल्या, खोकला येईपर्यंत.
"मर्ल! त्याला रक्त बघून घेरी यायची.
तो सॉसेज भरायचा. माझे बूट वाळवायचा."

बोल्ट ओढला, रिकामी आहे ना बघितलं,
आणि रायफल लावली डाव्या खांद्याला.
उजव्या हाताच्या बंदुकीशी साठ वर्षांचा डावखुरा संसार!
मी मापाचा माणूस. डाग उजवीकडं आहे हे पाहिलं होतं,
आणि काहीच पाहिलं नव्हतं.

गाल डागावर बसला, डब्यावर झाकण बसावं तसा.
"काळं दिसतंय," बाई म्हणाल्या.
दुर्बीण जुन्या माशीपेक्षा उंच. डोळा वर न्यावा
तर गाल सुटतो:
गाल आणि त्याची जागा, मध्ये बोटभर हवा.
पुन्हा टेकवला. पुन्हा काळं.
शरीराला जुनी वाट पाठ,
मोतीबिंदूला नवी हवी.

वर चामड्याची गादी लागेल, मी म्हटलं,
नमद्याचे तीन थर, दोरीनं आवळून.
पण मग डाग झाकला जाईल.
"झाक की. मी काय त्याच्याकडं बघून नेम धरते?"

तिथंच बसून राहिल्या, मी दोरी ओवेपर्यंत.
एकेक थर घालून गाल टेकवायच्या,
भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघून मान हलवायच्या. नाही. नाही.
तिसऱ्याला म्हणाल्या, "अठ्ठावीस. शनिवार."

बिलात लिहिलं: भोकं चार, आटे, तेल, चामडं.
गालाची जागा बोटभर वर.
त्या ओळीपुढं आकडा घातला नाही.