हरकत क्रमांक एकशे सतरा

आराखड्यात पिवळा म्हणजे रहिवास,
निळा बाजार, जांभळा कारखाना.
हिरव्याला कुणी हात लावायचा नाही म्हणतात
आणि पहिला हात त्यालाच लागतो.
एकोणतीस वर्षं मी हे रंग भरले.
ट्रेसर म्हणून लागलो, आरेखक म्हणून सुटलो;
शेवटी संगणक आला
आणि मला फक्त सही उरली.

नंदुरबारचा नकाशा मात्र माझ्या हातचा.
रुळांपलीकडे गट चारशे बारा ते चारशे एकोणीस,
कागदावर 'पडीक'.
पाहणीला गेलो तेव्हा जानेवारी होता
आणि ते पडीक नजर पोचेल तिथवर लाल.
मिरचीची पथारी.

साहेबांनी नकाशा तिथेच पसरला, मिरच्यांवर.
वारं होतं, म्हणून चार कोपऱ्यांवर
कुणीतरी चार ओंजळी मिरची ठेवली.
अठरा मीटरचा रस्ता कुठून जातो
हे दाखवता दाखवता
साहेब सात वेळा शिंकले.
देठ खुडणाऱ्या बाया पदराआड हसल्या.
त्या कधीच शिंकत नाहीत.

हरकतींना तीस दिवस.
एकशे सोळा आल्या, सगळ्या टाइप केलेल्या:
माझ्यावरचं आरक्षण शेजाऱ्यावर सरकवा,
रस्ता सरळ आहे तो वाकवा,
वाकडा आहे तो माझ्यापासून लांब वाकवा.
एकशे सतरावी गोजरबाई भोईची,
वहीच्या पानावर, कुणा शाळकरी पोराच्या अक्षरात.
खाली अंगठा. शाई लावलेली नव्हती,
तरी उमटला होता, तांबूस.

सुनावणीला ती शेवटी बसली होती.
गट नंबर?
"नही."
सातबारा? भाडेपावती? काहीतरी?
"नही."
मग बाई, तुमचा हितसंबंध काय?
तिनं टेबलावर दोन्ही तळवे उताणे ठेवले.
"जमीन मनी नही शे, साहेब.
पन मना हात आठेच लाल व्हयनात."

इतिवृत्त मी लिहीत होतो.
हितसंबंधाच्या रकान्याशी पेन थांबलं.
साहेब म्हणाले, लिहा, निरंक.
मी निरंक लिहिलं.
अक्षर चांगलं होतं माझं.

फाइल नाशिकला गेली, पुण्याला, मग मंत्रालयात.
म्हणे, प्रत्येक टेबलावर
सुरळी उलगडली की कुणीतरी शिंकायचं.
शेरा आला: 'नकाशा स्वच्छ प्रतीत फेरसादर करावा.'
मी नवा काढला, ट्यूबलाइटखाली, हात धुऊन.
त्याला कुणी शिंकलं नाही.
तो मंजूर झाला.

आता तिथं खांब आहेत, गटार आहे,
चार घरं, एक जिम, बाकी वेडी बाभूळ.
रस्ता अठरा मीटरचा, निघाला नऊचा.
पथारी बायपासपलीकडे गेली,
जायचे वीस, यायचे वीस,
दिवसाच्या मजुरीतून.
गोजरबाई जाते की नाही, मी विचारलं नाही.

जुना नकाशा रद्दीत जायचा होता.
तो माझ्या कपाटात आहे, वरच्या फळीवर.
गेल्या हिवाळ्यात सुरळी काढली,
मीच भरलेल्या पिवळ्यावर बोट फिरवलं,
चारशे बारा, चारशे तेरा,
आणि विसरून
तेच बोट डोळ्याला लावलं.